हॅलोवीनला मुलांना भुताची गोष्ट सांगताय? कोणत्या वयाला कोणती गोष्ट झेपते, ते आधी वाचा

दिवाळीच्या आगेमागे नांदेड आणि लातूरच्या प्ले स्कूलच्या इन्स्टाग्राम पेजवर हल्ली आणखी एक सण दिसू लागला आहे. काळ्या कागदाची वटवाघळं, कापसाची जाळी, ओठांच्या कडेला लाल रंग ओढलेला चार वर्षांचा ड्रॅक्युला आणि त्याच्या शेजारी टोपी सावरणारी चेटकीण. २०२४ मध्ये तर हॅलोवीन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली होती. सकाळी उटणं लावून अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी सोसायटीच्या टेरेसवर भुतांची पार्टी, असा दुहेरी कार्यक्रम काही मुलांच्या वाट्याला आला.

अशा पार्टीत एक कार्यक्रम ठरलेला असतो. दिवे बंद होतात, कुणीतरी काका किंवा दादा मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरतो आणि घोगऱ्या आवाजात गोष्ट सुरू करतो. समोर तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं एकाच सतरंजीवर बसलेली असतात. तेरा वर्षांचा मुलगा फिदीफिदी हसतो. तीन वर्षांची मुलगी पुढचे चार दिवस एकटी बाथरूमला जात नाही.

गोष्ट तीच, सांगणाराही तोच. मग एकाला मजा आली आणि दुसरीची झोप का उडाली?

भोपळा आपल्याकडे आधीपासून आहे

हॅलोवीनची मुळं आयर्लंड आणि आसपासच्या केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या सणात सांगितली जातात. हिवाळा सुरू होताना मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी समजूत होती. तिकडे आधी सलगमासारखे कंद कोरून दिवे करायचे. अमेरिकेत गेल्यावर भोपळा सापडला आणि तोच या सणाचं चिन्ह झाला.

पण भोपळा आणि भीती ही जोडी मराठी घराला नवी नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत भेटणारा वाघ, मग लांडगा किंवा कोल्हा, आणि परतताना भोपळ्यात बसून जंगल पार करणारी तीच म्हातारी. ही गोष्ट न ऐकता मोठं झालेलं मराठी मूल शोधावं लागेल.

नीट पाहिलं तर ही चक्क भयकथा आहे. एक म्हातारी बाई जंगलात एकटी आहे आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी तिला खायला टपलं आहे. तरीही तीन वर्षांचं मूल ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतं. कारण वाघ काय विचारणार हे त्याला माहीत असतं, म्हातारी काय उत्तर देणार हेही माहीत असतं, आणि म्हातारी वाघापेक्षा हुशार आहे याची खात्री असते. भीती आहे, पण बाहेर पडायचा रस्ता मुलाच्या हातात आहे.

गोष्ट निवडताना ‘यात भूत आहे का?’ हा प्रश्न तसा दुय्यम आहे. ऐकणाऱ्या मुलाला त्या गोष्टीतून बाहेर पडायचा रस्ता दिसतो का, हे आधी पाहायला हवं. तो रस्ता वयाप्रमाणे बदलतो.

३ ते ६ वर्षं : जे दिसतं तेच खरं

या वयात कल्पना आणि वास्तव यांच्यामधली भिंत फार पातळ असते. ‘अगं, ते खोटं असतं’ हे वाक्य आपण किती प्रेमाने सांगतो, पण या वयाच्या मुलावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

अमेरिकेतल्या संशोधक जोअॅन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षं काम केलं. १९८०च्या दशकात त्यांनी ग्लेन स्पार्क्स यांच्यासोबत ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या टीव्ही मालिकेवर अभ्यास केला. हल्क हा मुळात चांगला माणूस. संकट आलं की तो हिरवा, अक्राळविक्राळ होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना हे कळत होतं, त्यामुळे हल्क आला की त्यांना हायसं वाटायचं. लहान मुलं मात्र नेमकी तिथेच सगळ्यात जास्त घाबरत होती. तो वाचवायला आलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तो कसा दिसतोय, एवढंच त्यांना दिसत होतं.

म्हणून या वयाला चेहरा बदलणाऱ्या गोष्टी नकोत. आईचं रूप घेऊन आलेली हडळ, रात्री डोळे उघडणारी बाहुली, आरशात दिसणारी दुसरीच व्यक्ती, हे सगळं नंतर. १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवा. मोठ्यांसाठी तो विनोदी सिनेमा होता, लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला की थिएटर हसायचं. पण त्या काळात पाच-सहा वर्षांची असलेली कितीतरी माणसं आज चाळिशीतही सांगतील, की त्यानंतर घरातली बाहुली कपाटावर ठेवली गेली ती कायमचीच. खेळणं ही मुलाची सगळ्यात जवळची, विश्वासाची वस्तू. गोष्टीने त्यावरच संशय आणला तर रात्री जवळ घ्यायला काय उरतं?

मग काय चालेल? म्हातारी आणि भोपळा तर आहेच. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चिंची चेटकीण चालेल. पूर्वी ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८मध्ये नव्याने आलेल्या नाटकात वैभव मांगले यांनी. चिंची दिसायला भयंकर आहे, पण ती इतकी वेंधळी आहे की मुलं तिच्यावर हसतात. हसता येणारं भूत हे या वयाचं भूत. गोष्ट दहा मिनिटांच्या आत संपावी, दिवा लागलेला असावा आणि मूल कुणाच्या तरी मांडीवर असावं. कँटर यांच्या कामातून हेही दिसतं, की घाबरलेल्या लहान मुलाला समजावून सांगण्यापेक्षा जवळ घेणं, पाणी देणं, हातात आवडीची वस्तू देणं जास्त उपयोगी पडतं. आपल्या आज्ज्या हे कुठलाही अभ्यास न वाचता करत आल्या आहेत.

‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’

इथे थोडं थांबायला हवं. कारण बहुतेक घरांत मुलांची भुताशी पहिली ओळख गोष्टीतून होतच नाही. ती धमकीतून होते. झोप नाहीतर बुवा येईल. तिकडे जाऊ नको, त्या चिंचेवर मुंजा आहे. विहिरीत वाकू नको, आसरा ओढून नेतील.

यातल्या काही धमक्यांमागे कारण आहे. कठडा नसलेल्या विहिरी, नदीचे डोह, रात्री शेतात वाट चुकणं, हे खरे धोके होते आणि आजही आहेत. साती आसरा आणि चकवा यांच्या कथा म्हणजे एका अर्थाने गावाने लावलेल्या धोक्याच्या पाट्या. अडचण अशी, की पाटी वाचून धोका कळतो, पण या कथा ऐकून मुलाला फक्त भीती कळते. विहीर खोल आहे आणि कठडा नाही, हे सांगितलं तर मूल प्रत्येक विहिरीपाशी जपून वागेल. आसरा सांगितल्या तर ते फक्त त्या एका विहिरीला घाबरेल, आणि सहावीत गेल्यावर मित्रांना धीट दाखवायला नेमकं तिथेच उडी मारेल.

मोठ्यांच्या शब्दाला किती वजन असतं, हे ब्रिटनमधल्या एका प्रयोगात दिसलं. अँडी फील्ड आणि जोअॅन लॉसन यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. ६ ते ९ वर्षांच्या मुलांना त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या काही प्राण्यांबद्दल सांगितलं. क्वोल, क्वोका, कस्कस अशी नावं, जी या मुलांनी कधी ऐकलीही नव्हती. एका प्राण्याबद्दल चांगली माहिती दिली, एकाबद्दल भीतीदायक आणि तिसऱ्याबद्दल काहीच नाही. मग प्रत्येक प्राणी खोक्यात आहे असं सांगून मुलांना आत हात घालायला सांगितलं. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलं होतं, त्या खोक्याकडे मुलांचा हात जाईना. प्राणी कुणी पाहिलाही नव्हता. फक्त ऐकलं होतं.

आता ‘त्या चिंचेवर मुंजा आहे’ हे वाक्य पुन्हा वाचा.

तेव्हा फरक इतकाच करायचा : ‘एक होतं भूत’ अशी सुरुवात असेल तर ती गोष्ट. ‘तिथे भूत आहे’ असं वाक्य असेल तर ती मुलासाठी माहिती. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिलं वाक्य हवं तितकं द्या. दुसरं शक्यतो देऊच नका, पार्टीच्या गमतीतसुद्धा नाही.

७ ते १० वर्षं : गोदाकाठचा वेताळ

सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास मुलं बदलतात. भूत खोटं आहे हे त्यांना कळू लागतं, पण आता खऱ्या गोष्टींची भीती सुरू होते. चोर, अपघात, आग, आई-बाबांपैकी कुणाला काही झालं तर? त्यामुळे गंमत अशी, की या वयात राक्षस चालतो, पण घरात घुसणारा चोर चालत नाही. ‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द तर बिलकूल नकोत.

या वयाला कोडं फार आवडतं. आणि मराठवाड्यातल्या पालकांना त्यासाठी लांब जायची गरज नाही. विक्रम-वेताळाच्या कथा ज्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात आहेत, तो अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने लिहिला. पण त्यातला वेताळाला पाठीवर घेणारा राजा कुठला आहे? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आजच्या पैठणचा. तीच गोदावरी पुढे नांदेडच्या घाटांवरून वाहते. या कथांचा मूळ स्रोत मानली जाणारी गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत होती, असं परंपरा सांगते. पैशाची म्हणजे पिशाच्चांची भाषा असा अर्थ लोकांनी लावला. थोडक्यात, मराठवाड्याकडे स्वतःचं भूत आहे, आणि तेही प्रश्न विचारणारं भूत आहे.

वेताळाची मांडणी सात-आठ वर्षांच्या मुलासाठी अगदी बेतलेली वाटते. स्मशान आहे, झाडाला लटकलेलं प्रेत आहे, अंधार आहे. पण राजा घाबरत नाही. वेताळ त्याला खात नाही, गोष्ट सांगतो. शेवटी कोडं घालतो आणि उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, असं बजावतो. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. मुलाचं सगळं लक्ष कोड्यावर जातं. घाबरायला फुरसत मिळत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मूळ पंचवीस कथा मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत. त्यात प्रेमप्रकरणं आहेत, देवीपुढे स्वतःचं शीर कापणं आहे, धडांची अदलाबदल आहे. मुलांच्या मासिकांतून आणि टीव्हीवरून आपल्यापर्यंत पोचलेल्या कथा निवडून, सौम्य करून आलेल्या आहेत. तेव्हा ऑनलाइन सापडलेली कुठलीही ‘वेताळ पंचविशी’ आधी स्वतः वाचा, मग मुलाला सांगा.

याच वयाला ‘स्कूबी डू’सारख्या कार्टूनचा साचा छान बसतो. भूत दिसतं, पळापळ होते आणि शेवटी मुखवटा काढला की आत माणूस निघतो. १९६९पासून हा एकच फॉर्म्युला चालू आहे आणि मुलं अजून कंटाळली नाहीत.

लातूरच्या मुलांकडे आणखी एक हुकमाचं पान आहे. बाकी जगाच्या भयकथांमध्ये अमावस्या म्हणजे वाईट रात्र. पण लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांतल्या मुलांना विचारा, वर्षातला सगळ्यात भारी दिवस कोणता. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, असं उत्तर येईल. शेतात कोप केलेली, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं गणगोत रानात. काही ठिकाणी संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात. ज्या मुलाने अमावस्येची संध्याकाळ अशी रानात पळत घालवली आहे, त्याला ‘अमावस्येच्या काळोखात…’ असं म्हणून घाबरवणं तसं अवघडच. आठ वर्षांच्या मुलासाठी गोष्ट रचायची असेल तर हेच घ्या : आंबील प्यायला आलेलं, पण तिखट भज्जी खाऊन रडकुंडीला आलेलं भूत. यात मुलं स्वतःच भर घालतील.

११ च्या पुढे : आता भीती हवीच असते

अकरा-बारा वर्षांचं मूल स्वतःहून भीती शोधायला निघतं. मित्रांमध्ये धीट ठरायचं असतं, आपल्याला किती झेपतं ते तपासायचं असतं. यात काही बिघडत नाही. ‘असलं काही पाहायचं नाही’ म्हणून बंदी घातली तर ते मूल तेच पांघरुणात मोबाईल धरून पाहणार, एवढंच.

या टप्प्याच्या सुरुवातीला उकल होणारी गूढकथा उत्तम. शेरलॉक होम्सची ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या. दलदल, शाप, रात्री चमकणारा राक्षसी कुत्रा. आणि शेवटी कळतं की चमक फॉस्फरसची होती आणि डाव माणसाचा. भीतीची पूर्ण मजा मिळते आणि विचार करायची सवयही लागते.

नारायण धारप आणि मतकरी यांच्या गूढकथांकडे मुलं यानंतर वळतात. दोघांचं हे लिखाण मोठ्यांसाठी आहे, हे विसरू नये. धारपांच्या ‘समर्थ’ कथांमध्ये निदान वाईट शक्तींशी झुंजणारा भक्कम नायक आहे, त्यामुळे तेरा-चौदाच्या वाचकाला त्या पेलतात. मतकरींच्या काही गूढकथा मात्र शेवटी वाचकाला अधांतरी सोडून देतात. मोठ्यांना तेच आवडतं. तेरा वर्षांच्या मुलाला ती कथा दिली, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला घरात कुणीतरी असावं.

सिनेमाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे कल्पना दुसऱ्याची असते आणि आवाज आपल्या ताब्यात नसतो. ‘तुंबाड’मध्ये आजी आहे, वाडा आहे, पाऊस आहे, म्हणून तो आजीच्या गोष्टीसारखा वाटतो. पण त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. २०२४चा ‘मुंज्या’ यूए होता, म्हणजे लहान मुलांना दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवायचं. आता सेन्सॉर बोर्डाने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग केले आहेत. ओटीटीवरही २०२१च्या नियमांनुसार असेच गट दाखवावे लागतात. प्ले करण्याआधी कोपऱ्यातला तो आकडा वाचायला दोन सेकंद लागतात. रील्सवर असा कोणताच आकडा नसतो आणि मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच असतात.

लातूर-नांदेडचा विषय निघाला की हॉस्टेलचा विषय येणारच. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाखाली पंधरा-सोळा वर्षांची हजारो मुलं या दोन शहरांत क्लासेससाठी येऊन राहतात. पहिल्यांदाच घरापासून लांब, एका खोलीत तीन-चार जण, आणि रात्री अकरानंतर ‘या हॉस्टेलमध्ये आधी काय झालं होतं माहितीये का?’ ही गोष्ट. घरी ऐकली असती तर गंमत होती. नवीन गावात, परीक्षेच्या ताणात, झोप आधीच अपुरी असताना तीच गोष्ट एखाद्याला जड जाते. आणि अशा गोष्टींत पुष्कळदा कुणाच्या तरी मृत्यूची ऐकीव हकिकत असते. त्यात आत्महत्येचा उल्लेख असेल तर ती भयकथा म्हणून सांगूच नये. ऐकणाऱ्यांपैकी कोण कोणत्या मनःस्थितीत आहे, हे रूममेटला कळत नसतं.

खऱ्या जागेला भूत चिकटवू नका

कंधारचा किल्ला, औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला. शाळेच्या सहलीला मुलं जातात तेव्हा ‘इथे रात्री कुणी थांबत नाही’ असं कुणीतरी म्हणतंच. किल्ल्याच्या बाबतीत ते खपून जातं. पण काही जागा अशा आहेत जिथे हा खेळ करू नये.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या रात्री लहान असलेली मुलं आज आई-बाप, काही ठिकाणी आजी-आजोबा आहेत. अशा घरातल्या मुलाला कुणी पार्टीत ‘ओसाड गावात रात्री आवाज येतात’ अशी गोष्ट सांगितली, तर ती त्याच्यासाठी भुताची गोष्ट राहत नाही. ती त्याच्या कुटुंबाची गोष्ट होते.

जमिनीखालचे आवाजही इथे काल्पनिक नाहीत. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून आवाज येऊ लागले आणि घाबरलेल्या लोकांनी घराबाहेर रात्री काढल्या. पुढे तिथे सौम्य धक्क्यांची नोंदही झाली. २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा वेळी ‘जमिनीत काहीतरी आहे’ या गोष्टीपेक्षा जमीन का हादरते आणि हादरली तर टेबलाखाली कसं शिरायचं, हे सांगितलेलं मुलाच्या कामी येतं.

माणसांना तर भूत चिकटवूच नये. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, मानसिक आजार असलेला शेजारी, अंगावर पांढरे डाग असलेली बाई यांना ‘चेटकीण’ म्हणणं मुलांना सहज सुचतं आणि मोठे हसून सोडून देतात. मराठवाड्यात हा विनोद महाग पडलेला आहे. भानामती आणि करणीच्या संशयाने इथे माणसांना छळलं गेलं, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना त्यासाठी गावोगाव फिरावं लागलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ला झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ ते ५० हजार रुपये दंड.

मग भुताची गोष्ट सांगणं गुन्हा आहे का? अजिबात नाही. कायद्याला गोष्टीशी काही देणंघेणं नाही. शेजारच्या बाईचं नाव घेऊन सांगितलं, तिथून पुढे प्रश्न सुरू होतो.

गोष्टीनंतर मूल रात्री किंचाळून उठलं तर?

हा भाग पालकांनी खास लक्षात ठेवावा, कारण चूक इथे होते.

वाईट स्वप्न पडलं तर मूल जागं होतं, रडतं, जवळ येतं आणि काय दिसलं ते सांगतं. ते साधारण रात्रीच्या उत्तरार्धात होतं. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, झालं.

दुसरा प्रकार पाहणाऱ्याला हादरवतो. झोपल्यानंतर पहिल्या काही तासांतच मूल उठून बसतं, डोळे सताड उघडे, किंचाळतं, घामाघूम होतं, आईला ओळखत नाही, हात झटकून टाकतं. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप झोपी जातं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो आणि हा प्रकार घडतो. ताप, अपुरी झोप, खूप दगदग यांनी तो वाढतो. बहुतेक मुलांमध्ये वयानुसार तो थांबतो.

पण ‘आईला ओळखत नाही, डोळे फिरवतो’ हे वर्णन ऐकलं की घरातलं कुणीतरी ‘लागीर झालं’ म्हणतं. लिंबू उतरवलं जातं, अंगारा लावला जातो, आणि कधी कधी मूल देवऋषीकडे पोचतं. आदल्याच दिवशी पार्टीत भुताची गोष्ट ऐकली असेल तर मग विचारायलाच नको. सकाळी काहीही न आठवणाऱ्या मुलाला सगळं घर सांगतं, की रात्री तुझ्या अंगात काहीतरी आलं होतं. खरी भीती तिथून सुरू होते.

अशा वेळी मुलाला गदागदा हलवून जागं करू नका. त्याला लागणार नाही, पडणार नाही एवढं पाहा, शेजारी थांबा आणि सकाळी त्याचा गाजावाजा करू नका. हे वारंवार होत असेल, हातपाय एका लयीत झटकत असतील, किंवा गोष्ट ऐकून दोन-तीन आठवडे उलटले तरी मूल शाळेत जायला, एकटं झोपायला घाबरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतूनही बोलता येतं.

आणि पार्टी?

पार्टी रद्द करायची गरज नाही. सतरंजी तेवढी वेगळी करा.

आधी दिवे लावून लहानांची गोष्ट. म्हातारी, वाघ आणि कोरलेला तो भोपळा समोरच असतो, त्याचा उपयोग करा. वाघाचा आवाज मुलांनाच काढायला सांगा, कारण डरकाळी आपणच फोडली की वाघाची भीती अर्धी होते. मग लहानांना आत खाऊसाठी पाठवा. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एक दिवा चालू ठेवून वेताळाची गोष्ट, आणि उत्तर द्यायची संधी प्रत्येकाला. थांबायचं असेल तर कुणीही हात वर करायचा आणि कुणी कुणाला ‘भित्रा’ म्हणायचं नाही, हे आधीच सांगून टाका. सगळ्यात शेवटी मोठी मुलं, त्यांचा अंधार आणि त्यांनी स्वतः निवडलेली गोष्ट. पण आपल्या सोसायटीची, आपल्या विहिरीची, आपल्या कुठल्या माणसाची नाही.

भोपळा कोरताना निघालेला गर फेकू नका. गूळ घालून त्याचे घारगे होतात. लहानांना आत पाठवताना काहीतरी कारण लागतंच.